ग्रीक 'ह्यूब्रिस'ला मराठीत काय म्हणायचं?

शब्दवेडी: ग्रीक नाटककार एस्किलसच्या 'पर्शियन्स' या शोकांतिकेचं (इ.स.पू. 472) भाषांतर करतेय. त्यात पर्शियाचा मेलेला सम्राट दरायस याचं भूत म्हणतं, ह्यूब्रिसला फुलोरा आला की सर्वनाशाचं कणीस धरतं आणि कापणीला हाती लागतात अश्रू. मी 'अहंकार' लिहिलं, पण अहंकाराला कणीस कसं धरणार?

जुनी वही: 'दर्प' घ्या. नायकाचा दर्पच त्याला बुडवतो, हे कॉलेजात सगळेच शिकलो.

काठावरचा: तिथेच घोळ आहे. शोकांतिकेतल्या नायकासाठी अ‍ॅरिस्टॉटलचा शब्द 'हमार्तिया', म्हणजे चूक. ह्यूब्रिस म्हणजे काय ते त्याने वक्तृत्वावरच्या ग्रंथात, 'ऱ्हेटरिक'मध्ये सांगितलंय: आपला काही फायदा नसताना, निव्वळ मजा म्हणून दुसऱ्याची लाज काढणं. अथेन्समध्ये हा गुन्हा होता, गुलामाच्या बाबतीत केला तरी. तिथला वक्ता डेमोस्थेनिस याने कोर्टासाठी लिहून दिलेल्या एका भाषणात फिर्यादी सांगतो, मला चिखलात पाडून तुडवलं, आणि मग आरोपी कोनोन माझ्यासमोर उभा राहून झुंज जिंकलेल्या कोंबड्यासारखा आरवला, कोपरं पंखांसारखी बरगड्यांवर आपटत. दर्प मनातल्या मनातही असतो. ह्यूब्रिसला समोर कुणीतरी लागतं.

बांधावरून: मग सरळ 'माज' म्हणा की, ताई! माणूसही माजतो आणि पीकही.

जुनी वही: सम्राटाच्या तोंडी 'माज'? हा गोठ्यातला शब्द. 'उन्मत्तपणा' शोभेल.

काठावरचा: गोठ्यातला म्हणून हलका कसा? संस्कृत 'माद्यति', प्राकृत 'मज्जइ', मराठी 'माजणं'. तुमचा 'उन्मत्त' त्याच धातूचा. आणि अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस तर झाडांनासुद्धा ह्यूब्रिसचंच क्रियापद लावतो.

शब्दवेडी: 'माज' मला आवडला. पण माजलेल्या पिकात दाणा भरत नाही ना? एस्किलसला तर कणीस हवंय.

बांधावरून: हे खरं. युरिया जास्त झाला की भात माजतो, आडवा पडतो, लोंब्या पोचट. पण तण माजलं की त्याला बी भरमसाट धरतं. ओळीत तण आणा.

शब्दवेडी: कणसाच्या जागी तण? मूळ ओळ इतकी नाही बदलायची मला.

जुनी वही: बियाण्यावरून आठवलं, 'हायब्रिड' हा शब्द ह्यूब्रिसवरूनच आला ना?

काठावरचा: तसं पूर्वी मानायचे. तो लॅटिन 'हिब्रिडा'वरून आला, म्हणजे पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांचं पिल्लू.

बांधावरून: आमच्याकडे तर हायब्रिड म्हणजे ज्वारीच. 'हायब्रिडची भाकरी' म्हणतात. तुमच्या भागात काय म्हणतात?