मदत हवी आहे: तळघरात पाझरणारं पाणी, संप (पाणी गोळा करायचा खड्डा) केवढा आणि पंप किती एचपीचा?

पश्चिमवारा

नमस्कार. नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला बंगला आहे, खाली तळघर. मृग तोंडावर आलाय, त्याआधी बंदोबस्त व्हायला हवा.

तळघर ८ बाय ६ मीटर, तळ रस्त्यापासून २.७ मीटर खाली. भिंती आरसीसीच्या, खाली पीसीसीवर (सळया नसलेल्या काँक्रीटवर) कोबा. गाडीचा रॅम्प उघडा आहे, ३.५ मीटर रुंद, ११ मीटर लांब. पायथ्याशी जाळीची नाली आहे, ती कोपऱ्यातल्या ४५ बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरच्या खड्ड्यात उतरते. खड्ड्याशेजारी टाकीवर पाणी चढवायचा अर्धा एचपीचा मोनोब्लॉक, एक इंची पाइप, चालू-बंद हाताने.

पाणी दोन तऱ्हेचं येतं. मोठी सर आली की रॅम्पवरून लगेच, आणि अर्ध्या तासात थांबतं. दुसरं पश्चिमेच्या भिंतीच्या बुडातून, कोबा आणि भिंत यांच्या सांध्यातून. ते जोराच्या पावसानंतर साधारण एका दिवसाने सुरू होतं आणि ऊन पडलं तरी चार-पाच दिवस चालूच राहतं. स्वच्छ असतं, वास नसतो. त्या दिवसांत खड्डा रिकामा केला की ४ मिनिटांत पुन्हा काठोकाठ भरतो.

एक एचपी घेऊ की दोन? की आतून वॉटरप्रूफिंग करून भागेल?

मुरूमखडी

एचपीचं शेवटी बघू. आधी सांगा, गच्चीचं पाणी कुठे उतरतं? आणि शोषखड्डा असेल तर कुठल्या बाजूला, भिंतीपासून किती लांब?

पश्चिमवारा

शोषखड्डा पश्चिमेलाच, भिंतीपासून अडीच मीटरवर. गच्ची १०० चौरस मीटर, तिचे दोन्ही पाइप त्यातच सोडलेत. बांधकाम परवानगीत दाखवलेला असल्याने बुजवता येणार नाही.

मुरूमखडी

बुजवू नका, जागा बदला. अर्धं दुखणं तिथेच असावं.

आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. बेसॉल्टमधून पाणी सरळ खाली जिरत नाही, फटी असतील तिथूनच उतरतं. म्हणून मुरमात शिरलेलं पाणी खडकाच्या पाठीवरून आडवं सरकतं. तळघर म्हणजे त्याच खडकात कोरलेली वाटी. भिंत उभी राहिल्यावर बाजूच्या फटीत निघालेली माती, विटांचे तुकडे, उरलेला मुरूम असं सगळं ढकललेलं असतं. ती भर सैल असते, चारी बाजूंनी पाणी तिथेच गोळा होतं आणि भिंतीच्या बुडाशी उभं राहतं. एक दिवस उशिरा सुरू होणं, पाऊस थांबल्यावरही चालू राहणं, पाणी गाळलेलं येणं ही याचीच लक्षणं.

आता हिशेब. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ताशी ६० मिलिमीटरची सर धरली तर तुमच्या गच्चीचं तासाला ६,००० लिटर पाणी भिंतीपासून अडीच मीटरवर जमिनीत जातंय. पंप ते बाहेर फेकणार, आणि पंपाचा पाइपही त्याच बाजूला सोडला असेल तर तेच पाणी पुन्हा आत येणार.

खात्री करून घ्या. सध्या जमीन कोरडी आहे, यापेक्षा चांगली वेळ मिळणार नाही. ५,००० लिटरचा टँकर मागवा आणि पाणी शोषखड्ड्यात हळूहळू सोडा. आत पश्चिमेच्या भिंतीच्या बुडाशी खडूची रेघ मारून कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवा. दर दोन तासांनी बघायचं. ओल पहिल्यांदा कुठे आणि किती तासांनी दिसली ते लिहून ठेवा.

आतून वॉटरप्रूफिंगचं म्हणाल तर एकट्याने टिकणार नाही. भिंतीमागे एक मीटर पाणी उभं असेल तर बुडाशी दर चौरस मीटरला एक टन दाब येतो. आतून लावलेला थर त्या दाबाने सुटून फुगे धरतो. शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग बाहेरून करतात ते याचसाठी, पाणी त्याला भिंतीवर दाबून बसवतं. आता बाहेरून खणणं जड आहे, तेव्हा आत आलेल्या पाण्याला वाट काढून देणंच बरं.

पश्चिमवारा

टँकर सकाळी सातला सोडला. मध्यरात्रीच्या पाहणीत कागदाचा खालचा काठ ओला झालेला होता. शोषखड्ड्यासमोर बरोबर दीड मीटर रुंदीत ओल, बाकी भिंत कोरडी.

मुरूमखडी

म्हणजे सतरा तास. नवा शोषखड्डा प्लॉटच्या उताराकडच्या टोकाला घ्या, तळघरापासून निदान सहा-सात मीटर लांब. बोअरवेल तेवढ्या अंतरावर असेल तर गच्चीचं पाणी गाळणी लावून तिकडे पुनर्भरणाला देणं आणखी चांगलं. पश्चिमेच्या भिंतीलगत फुलझाडांचा वाफा असेल तर तोही काढा. तिथे भिंतीपासून बाहेर उतार देऊन एक मीटर रुंद पट्टी पक्की करा.

रॅम्पचं पाणी वेगळं. त्याच्या तोंडाशी आडवा उंचवटा हवा, रस्त्याच्या मध्यापेक्षा निदान १५ सेंटिमीटर वर. रस्त्यावर दरवेळी डांबराचा नवा थर चढतो आणि जुना उंचवटा बुडतो, म्हणून आजची पातळी लेव्हल पाइप लावून मोजा. रस्त्याचं पाणी एकदा आत वळलं की ते घरगुती पंपाच्या आवाक्यात राहत नाही.

पंपवाला_सातपूर

आता पंप. ४५ सेंटिमीटरचा घन खड्डा म्हणजे ९१ लिटर. ४ मिनिटांत भरतो, म्हणजे पाझर मिनिटाला २३ लिटर. रॅम्प ३८.५ चौरस मीटर, ताशी ६० मिलिमीटरने मिनिटाला ३८-३९ लिटर. दोन्ही मिळून ६२. त्याच्या दुप्पट-अडीचपट क्षमता ठेवायची, म्हणून मिनिटाला १५० लिटर धरा. शोषखड्डा हलवल्यावर पाझर घटेल, पण हिशेब जुन्याच आकड्यावर करा.

हेड, म्हणजे घर्षण धरून पंपाला पाणी चढवायची एकूण उंची, असं: तळघराचा तळ २.७ मीटर, संप ०.९ मीटर खोल, पंप बंद व्हायची पातळी संपाच्या तळापासून ०.२ वर, आणि पाइपाचं तोंड रस्त्यापेक्षा अर्धा मीटर उंच. उभी उचल ३.९ मीटर. दोन इंची पाइप उभा-आडवा मिळून २२ मीटर धरला तर मिनिटाला १५० लिटरला घर्षण साधारण ०.८ मीटर, बेंड आणि एनआरव्हीचं (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हचं) ०.४. एकूण ५.१. तेव्हा ६ मीटर हेडला मिनिटाला १५० लिटर देणारा पंप मागा, दुकानात याच शब्दांत सांगा. अर्धा ते एक एचपीत बसतो. पाटीवरचं 'कमाल हेड' बघून घेऊ नका, त्या हेडला पंप थेंबही देत नाही. कोष्टकात ६ मीटरसमोर काय लिहिलंय ते वाचा.

तुमचा एक इंची पाइप मात्र काढाच. तेवढंच पाणी त्यातून ढकलायचं तर नुसत्या घर्षणात वीस मीटरच्या वर हेड जातं. दोन एचपी लावूनही तो पाइप गळा आवळूनच ठेवील. मोनोब्लॉकही इथे नको. त्याला दरवेळी प्रायमिंग (सुरू करण्याआधी पाणी भरणं) लागतं, गाळाने फूटव्हॉल्व्ह (ओढायच्या पाइपाच्या बुडाचा व्हॉल्व्ह) उघडा राहतो आणि पंप कोरडा फिरतो. सबमर्सिबल डिवॉटरिंग पंप घ्या, त्याखाली दोन विटांचा ओटा करा, म्हणजे गाळ ओढणार नाही.

संप ६० बाय ६० सेंटिमीटर, ९० खोल. २० सेंटिमीटरला बंद, ६५ ला चालू. मधलं पाणी १६२ लिटर. ताशी पंधरापेक्षा जास्त वेळा मोटर चालू व्हायला नको. त्यासाठी १५० लिटरच्या पंपाला असं मधलं पाणी निदान १५० लिटर लागतं, हे त्यात बसतं. आत्ताच्या तुमच्या खड्ड्यात मोटर उचक्या दिल्यासारखी चालू-बंद होऊन वाइंडिंग जळेल. फ्लोट (पाण्याबरोबर वर-खाली होऊन पंप चालू-बंद करणारा स्विच) दोरीवर लोंबणारा असेल तर तो भिंतीला किंवा पाइपाला अडकतो. पंप बसवल्यावर बादल्या ओतून तो मोकळा तरंगतोय ना ते तीन वेळा पाहा. उभ्या दांडीचा फ्लोट मिळाला तर अशा अरुंद संपात तोच बरा.

एनआरव्ही हवाच, नाहीतर पंप बंद झाला की पाइपातलं पाणी परत संपात येतं. दोन इंची पाइपाच्या मीटरभरात दोन लिटर मावतात. पंप आणि एनआरव्हीच्या मधे पाइपाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा, तोंड खाली संपाकडे. हे राहून गेलं की हवा अडकते, पंप घुमतो पण पाणी चढत नाही, आणि लोक पंपच खराब म्हणून परत करतात. एनआरव्हीच्या दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारा जोड) ठेवा, दरवर्षी खोलावा लागतो.

मुरूमखडी

संप खोदताना दोन गोष्टी. कॉलमच्या फुटिंगपासून लांब राहा. आणि तुमच्याकडे पीसीसी आहे म्हणून फोडायला हरकत नाही. खाली सळया लागल्या, म्हणजे राफ्ट (घराखालचा सळयांचा सलग पाया) निघाला, तर काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. खडक ब्रेकरने फोडा. संपाच्या भिंतींना खाली भोकं ठेवा, मागे जिओटेक्स्टाइलचं कापड आणि २० मिलिमीटरची खडी.

पश्चिमेच्या भिंतीच्या बुडाशी कोबा कापून १० सेंटिमीटर रुंद नाली काढा आणि ती संपापर्यंत न्या. संप पलीकडच्या कोपऱ्यात आला तर लांबी १४ मीटर. २०० ला १ उताराने ७ सेंटिमीटर पडतात, म्हणजे सुरुवातीला ५ खोल, संपाशी १२. वर काढता येणारी जाळी.

पहिले दोन दिवस बाहेर पडणारं पाणी काचेच्या ग्लासात धरून बघा. सुरुवातीला थोडं गढूळ येईल. मात्र दोन दिवसांनंतरही तळाला माती बसत असेल तर पंप फरशीखालचा भराव ओढून नेतोय. तेव्हा खडी-कापडाचं काम पुन्हा करायचं. नाहीतर कोबा खालून पोकळ होऊन खचतो.

तारजोडणी

जोराचा पाऊस आणि वीज जाणं बरोबरच येतं, म्हणून बॅकअप हा पंपाचाच भाग समजा. अर्धा एचपीची मोटर चालताना साधारण ६०० वॅट ओढते, सुरू होताना त्याच्या चार-सहा पट. घरातला ८५० व्हीएचा इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो. २ केव्हीए, २४ व्होल्ट, साइन वेव्हचा घ्या. स्क्वेअर वेव्हवर मोटर गुणगुणते आणि तापते. १५० एएचच्या दोन बॅटऱ्यांतून प्रत्यक्षात दोन-सव्वादोन युनिट हाती लागतात. म्हणजे सलग साडेतीन तास, आणि पंप तासाला २० मिनिटं चालत असेल तर दहा-अकरा तास. बॅटऱ्या वरच्या मजल्यावर.

पंपाला स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच), दोन्ही रॅम्पच्या तोंडापेक्षा उंचावर. केबलला पाण्याखाली जोड नको, टेप कितीही गुंडाळली तरी नको. मीटर तळघरात असेल तर तो वर हलवण्यासाठी महावितरणकडे अर्ज करा. तळघरात पाणी साचलेलं दिसलं तर वरून मेन बंद केल्याशिवाय पायरीसुद्धा उतरायची नाही, घरात कामाला येणाऱ्यांनाही हे सांगून ठेवा.

जमल्यास एक मोठा पंप न घेता दोन घ्या, दुसऱ्याचा फ्लोट पहिल्यापेक्षा १० सेंटिमीटर वर. आणि टाकी भरली की ओरडणारा जो अलार्म मिळतो ना, त्याची तार संपात ८० सेंटिमीटरवर सोडा, डबी झोपायच्या खोलीत. पंप अडकला तर फरशी ओली व्हायच्या आत कळतं.

नासर्डीकाठ

मधे विचारतोय. आमचं तळघर नासर्डी नदीपासून जवळ आहे. इथे पाऊस नसतानाही पाणी येतं, ते संडासाच्या नहाणी ट्रॅपमधून, घाण वासाचं. हाच पंप चालेल का?

मुरूमखडी

नाही, तुमचं पाणी वेगळं. नदी फुगली की पावसाळी गटारं आणि चेंबर उलटे भरतात. गोदावरीचं पाणी तर त्र्यंबककडच्या पावसावर आणि गंगापूर धरणाच्या विसर्गावर चढतं, शहरात नुसती भुरभुर असली तरी. २००८, २०१६, २०१९ च्या पुरांत काठावरच्यांनी ते पाहिलंय. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी आली की तुमच्याकडे तयारी सुरू झाली पाहिजे.

तळघरातून बाहेर जाणाऱ्या ड्रेनेजवर बॅकफ्लो व्हॉल्व्ह बसवा, आणि नहाणी ट्रॅपला आवळून बसणारा रबरी प्लग ठेवा. तळघरातलं संडास पावसाळ्यात बंद. प्लॉट निळ्या पूररेषेच्या आत असेल, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, तर तळघरात मौल्यवान काहीच ठेवू नका. लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची.

आणि पुराने तळघर भरलंच तर घाईने उपसू नका. बाहेरची माती पाण्याने फुगलेली असताना आतलं पाणी काढलं की भिंत आत ढकलली जाते, फरशी उचलली जाते. बाहेरचं पाणी ओसरल्यावर फूटभर उपसा, भिंतीवर रेघ मारा, रात्रभर थांबा. सकाळी पाणी रेघेच्या वर आलं असेल तर अजून वेळ आहे. तिथेच राहिलं असेल तर पुढचा फूट. पेट्रोल-डिझेलचा पंप आणलात तर तो वर उघड्यावर ठेवा, त्याचा धूर तळघरात जीव घेतो.

पश्चिमवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. शोषखड्डा आणि संप दोन्ही या आठवड्यात सुरू करतोय. पंपाचं पाणी समोरच्या ड्रेनेज चेंबरमध्ये सोडलं तर चालेल का? सगळ्यात जवळ तेच आहे.

पंपवाला_सातपूर

तिथे नको. चेंबर तुंबलं की शेजाऱ्यांच्या नहाणीतून वर येईल. पावसाळी गटारात सोडा, आणि पाइपाचं तोंड गटाराच्या पाण्यात बुडणार नाही असं वीतभर वर ठेवा, म्हणजे तिथलं पाणी उलटं ओढलं जाणार नाही. तोंडाला जाळी लावा, उंदीर आत घर करतात.

बसवून झालं की इन्व्हर्टरवर टाकून, मेन बंद ठेवून, संपात टँकरचं पाणी सोडा आणि पंधरा मिनिटं घड्याळ लावून बघा. मिनिटाला १५० लिटर येत नसेल तर आकडा इथे लिहा, कुठे अडतंय ते काढू.