३ वर्षं संपत आलीत, एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? (डीसीटी गाडी)

कासपठार
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. आमची टर्बो पेट्रोल डीसीटी (दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गाडी आहे, पुढच्या महिन्यात ३ वर्षं होतायत म्हणजे कंपनीची वॉरंटी संपणार. रनिंग ४२ हजारच्या आसपास, दर आठवड्याला सातारा-पुणे होतं, बाकी गावातल्या गावात. शोरूममधून सारखे फोन येतायत की मॅडम २ वर्षांची एक्स्टेंडेड घेऊन टाका, २८ हजार अधिक जीएसटी, नंतर मिळणार नाही. मिस्टरांचं म्हणणं ३ वर्षांत एक रुपयाचं काम निघालं नाही तर आता कशाला पैसे घालायचे, आणि मला वाटतंय आत्तापर्यंत नाही निघालं म्हणूनच आता निघेल :) गाडी अजून ४-५ वर्षं तरी ठेवायचीय. कोणाला खरंच क्लेम मिळालाय का की नुसता कागद?

घाटमाथा
डीसीटी आहे ना ताई, मग घ्याच. माझ्या गाडीचा (कंपनीचं नाव घेत नाही) चौथ्या वर्षी मेकॅट्रॉनिक गेला, म्हणजे गिअर बदलणारं जे कंट्रोल युनिट असतं ते, एस्टिमेट लाखाच्या वर गेलं होतं आणि एक्स्टेंडेडमध्ये सगळं फुकट झालं, फक्त पार्ट यायला वेळ लागला आणि तोवर एसटीने फिरलो. आणि तुमचा रूट खंबाटकीचा, सुट्टीच्या दिवशी घाटात जे रांगत जायला लागतं त्यात ड्राय क्लचवाला (म्हणजे क्लच तेलात बुडालेला नसतो तो) डीसीटी तापतोच.

रोकडाहिशोब
जरा उलटं बोलतो. कंपनीला परवडतं म्हणूनच ती हे विकते ना? १०० जणांकडून घेतलेल्या पैशात १०-१२ जणांची कामं करायची आणि उरलेलं खिशात. माझी साधी १.२ पेट्रोल मॅन्युअल, टर्बो नाही काही नाही, त्यात जाऊन जाऊन जाणार काय? एसीचा कॉम्प्रेसर नाहीतर अल्टरनेटर, ते मी खिशातून करतो. तेवढे पैसे आरडीला टाकले, गाडीला नाही लागले तर टायरला लागतात. पण हो, डीसीटी असती तर मीही दोनदा विचार केला असता, तिथे एकच झटका आरडी खाऊन टाकतो.

पान्हावाला
मी बरीच वर्षं वर्कशॉपला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होतो, आता नाही, म्हणून मोकळेपणी लिहितो. ते फोन येतात कारण टार्गेट असतं, त्याचं टेन्शन घेऊ नका. पण सगळं खोटंही नसतं. बहुतेक कंपन्यांत मूळ वॉरंटी चालू असेपर्यंतच घेता येते आणि जितकी उशिरा घ्याल तितकी महाग, गाडीसोबत घेतली तर सगळ्यात स्वस्त. काही ठिकाणी संपल्यावरही गाडी तपासून देतात, विचारून बघा.

आता मुद्द्याचं. वर घाटमाथा यांनी मेकॅट्रॉनिक सांगितलं ते बसतं, पण क्लचची झीज बसत नाही. घाटात रांगून क्लच जळला तर अ‍ॅडव्हायझर 'वेअर अँड टिअर' लिहून मोकळा. ब्रेक पॅड, वायपर, बल्ब, बरेचसे रबरी पार्ट यातलंही काही नाही, टायर आणि १२ व्होल्टची बॅटरी ज्याची त्याची कंपनी बघते. पावसात इंजिनात पाणी शिरलं किंवा उंदराने वायरिंग कुरतडलं तर वॉरंटीचा संबंधच नाही, तो इन्शुरन्सचा विषय, आणि पाण्यासाठी इंजिन प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑन घेतलेला पाहिजे, नुसत्या पॉलिसीवर भांडण होतं.

सगळ्यात जास्त क्लेम मी कशावर अडकलेले बघितले तर वायरी कापण्यावर. बाहेरून कॅमेरा, हॉर्न, फॉग लॅम्प बसवताना वायर सोलून टेप गुंडाळलेली असते, मग इलेक्ट्रिकलचं काहीही गेलं की बोट तिकडेच. दुसरं म्हणजे सर्व्हिस वेळेवर झालेली नसणं.

आणि एक बघाच. तुम्हाला विकतायत ती वॉरंटी गाडीच्या कंपनीची आहे की डीलरने स्वतःच्या नावाने काढलेली? डीलरवाली असेल तर पुण्यात गाडी बंद पडल्यावर साताऱ्याच्या शोरूमपर्यंत टो करत आणायला लागेल. पैसे दिल्यावर चॅसिस नंबर सांगून कंपनीच्या कस्टमर केअरला खात्री करून घ्या.

मुळशीचा_पाऊस
जरा अवांतर, पण बाहेर सर्व्हिस केली की वॉरंटी गेलीच का? आमच्या इथला मेकॅनिक अर्ध्या पैशात करतो.

पान्हावाला
कागदावर बघाल तर २०१४ ला स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना दंड ठोकला होता, सुट्या पार्टच्या प्रकरणात, तेव्हा हेही सांगितलं होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, बाहेरच्या चुकीच्या कामाने जे बिघडलं तेवढ्यापुरतीच नाकारायची. पुढे ते अपिलात गेलं. काउंटरवर मात्र आजही पहिला प्रश्न सर्व्हिस हिस्टरीचाच येतो आणि ग्राहक मंचात जायला तुम्हाला वेळ आहे का ते तुम्ही ठरवा. एक्स्टेंडेडला पैसे भरलेच असतील तर तेवढी वर्षं अधिकृत वर्कशॉपलाच करा, हा खर्चही २८ हजारात धरा.

हायवेकिंग
किलोमीटर कोणीच बोललं नाही! वर्षं किंवा किमी, जे आधी होईल ते. माझं वर्षाला ३० हजार होतं, मला ५ वर्षं / १ लाख किमीवाली विकत होते, म्हणजे माझी सव्वातीन वर्षांतच संपणार, चौथ्या-पाचव्याचे पैसे भरून हातात काय? तुमचं वर्षाला १४ हजार पडतं, तुम्हाला प्रॉब्लेम नाही.
आणि हल्लीचे नवीन घेणाऱ्यांनी आधी मूळ वॉरंटी किती ते बघा. मारुतीने जुलै २०२४ पासून २ वर्षं / ४० हजारची ३ वर्षं / १ लाख केली, त्यामुळे जुने धागे वाचून हिशोब करू नका.

कासपठार
सगळ्यांचे आभार. फोन करून विचारलं, कंपनीचीच आहे, पण क्लचबद्दल तो "सगळं कव्हर आहे मॅडम" एवढंच म्हणतोय, म्हटलं लेखी मेल करा तर अजून मेल आलेला नाही. मिस्टर जवळजवळ तयार झालेत. फक्त मागचा कॅमेरा आम्ही सीट कव्हरवाल्याकडून बसवलाय, त्याने वायर कापलीय की नाही कसं कळणार?

पान्हावाला
डिकीच्या झाकणाचं आतलं ट्रिम काढून मागच्या लॅम्पच्या वायरी बघा. सॉकेटला सॉकेट असेल तर ठीक, काळी टेप दिसली तर पैसे भरायच्या आधीच वर्कशॉपला दाखवून जॉब कार्डवर लिहून घ्या. आणि तो मेल आल्याशिवाय पैसे देऊ नका, महिना आहे अजून हातात.