आईची 'पऱ्हाटी' फोनमध्ये 'पराठा' होते. तिचं लिहिणं दुरुस्त करावं का?

अकोटची_लेक

नमस्कार मंडळी. हा प्रश्न शुद्धलेखनाचा आहे की घरातल्या भांडणाचा, हे मलाच नीट कळत नाहीये. तुम्हीच सांगा.

माझी आई अकोट तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. शाळा चौथीपर्यंत. त्यानंतरच्या साठेक वर्षांत तिने लिहिलं काय, तर किराण्याची यादी, लग्नातली आहेराची वही आणि बँकेतली सही. दोन वर्षांपूर्वी भावाने तिला त्याचा जुना फोन दिला. कीबोर्डवरची अक्षरं काही तिला सापडेनात. मग भाचीने बोटाने लिहायची सोय चालू करून दिली. स्क्रीनवर अक्षर काढायचं, फोन ते ओळखतो. आई म्हणाली, "हे त पाटीच हाय!" त्या दिवसापासून बाई थांबलेली नाही.

दुपारची जेवणं उरकली की बाजेवर बसून ती घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिते. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांबद्दल, भुलाबाईत खाऊ कसा ओळखायचा त्याबद्दल, मेलेल्या म्हशीबद्दल, माझ्या आजीच्या तऱ्हेवाईकपणाबद्दल. सगळं वऱ्हाडीत, जसं बोलते तसं. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. अनुस्वार बहुतेक उडालेले, कारण टिंब द्यायला बोट उचलेपर्यंत फोन अक्षर गिळून मोकळा होतो. हा तिचा एक तुकडा, होता तसा:

"आमच्या गावात साऱ्या इहिरी खाऱ्या पाणी तोंडात धरवे ना मंग आम्ही पोरी नदीच्या झिऱ्यावर जाओ वाटीवाटीन पाणी भरो एक गुंड भरेलोक उन डोक्स्यावर ये माही माय म्हणे सांडजो नको बाप्पा मी एक डाव सांडल त घरी गेलीच नाही सांजलोक गोठ्यात बसली"

(पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना आमचा खारपाणपट्टा आहे. जमिनीतलं पाणीच खारट. गोड्या पाण्यासाठी नदीच्या वाळूत खड्डा करायचा, त्यात पाणी झिरपू द्यायचं आणि वाटीने गुंडात, म्हणजे पाण्याच्या भांड्यात, भरायचं. तो झिरा.)

आता अडचण. फोन स्वतःच्या अकलेने शब्द बदलतो. 'मले' लिहिलं की 'मुले' होतं. एकदा आईने लिहिलं 'पऱ्हाटीले पाणी देल्लं', म्हणजे कपाशीला. ग्रुपवर आलं 'पराठ्याले पाणी देल्लं'. नागपूरच्या मामांनी विचारलं, ही कुठली नवी पाककृती? सगळे हसले, आईही हसली. पण भाऊ चिडला. तो बँकेत आहे, त्याच्या सासरची माणसं त्या ग्रुपवर आहेत. म्हणाला, "आई, आधी मला पाठवत जा. मी नीट करतो, मग टाक." त्यानंतर चार दिवस आईने काहीच लिहिलं नाही.

भावाला नावं ठेवायचा मलाही फारसा अधिकार नाही. आईचे एक-दोन मजकूर मी प्रमाण मराठीत आणून माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकले आहेत. आणि माझं स्वतःचं वाचन? एके काळी मी दिवाळीत पाच-सहा अंक घ्यायचे. गेल्या वर्षीच्या दोन अंकांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. फोनवर पहिल्या चार ओळी वाचते, 'अधिक वाचा' दिसलं की अंगठा पुढे सरकतो. फक्त आईच्या मजकुराला मी 'अधिक वाचा' दाबते. आता तीही शिकली. भाचीने सांगितलं, "आजी, ते कोणी दाबत नाही." म्हणून ती एकच गोष्ट अकरा तुकडे करून पाठवते, आणि मधल्या मधे कोणाची तरी शुभ सकाळची गुलाबं येऊन पडतात.

तर, दुरुस्त करावं का? केलं तर किती?

---

खिळे_जुळवणारा

ताई, मी पुण्यात एकतीस वर्षं मुद्रितशोधन केलं. लोकांच्या चुका काढून पोट भरलं, तेव्हा माझं ऐका: शब्दाला हात लावू नका.

पराठ्याचं कोडं सोपं आहे. 'पऱ्हाटी'तला 'ऱ्ह' पाहा. हा अर्धा, चंद्रकोरीसारखा र आपल्याला लागतो, हिंदीला लागत नाही. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांत आपल्याकडे दरी आणि समुद्र एवढं अंतर आहे. अनेक फोनांना तो पटकन उमगत नाही, मग ते जवळचा ओळखीचा शब्द शोधतात. 'पराठा' त्याच्या ओळखीचा, 'पऱ्हाटी' नाही. यात तुमच्या मातोश्रींची चूक शून्य.

टिंबांचं म्हणाल तर, माझ्या वडिलांची पत्रं काढून पाहा. 'नांव', 'कांहीं', 'घरांत'. १९६२ साली साहित्य महामंडळाच्या नियमांनी न उच्चारली जाणारी ही टिंबं काढली, तेव्हा वडील म्हणाले होते, आता मराठी संपली. संपली नाही. मात्र 'केलं'वरचं टिंब शोभेचं नाही, ते नसलं तर 'केल' असं वेगळंच वाचलं जातं. उद्या कागदावर छापायची वेळ आली तर ती टिंबं मी घालीन, पूर्णविराम घालीन आणि तिथेच थांबेन. मूळ प्रत मात्र वेगळी ठेवा. दुरुस्त करणाऱ्यावर कधी विश्वास ठेवू नये. हे मी अनुभवाने सांगतो, दुरुस्त करणारा मीच होतो.

---

नववी_ब

मी बार्शीकडे शाळेत मराठी शिकवते. काकांशी अर्धी सहमत.

आजींचं ठीक आहे, त्यांना परीक्षा द्यायची नाही. माझ्या वर्गात मागच्या सत्रात एका मुलाने पत्रलेखनात लिहिलं, 'तुझं जे१ झालं का?' (ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी: जे-वन.) दुसरीने निबंधात '२घी बहिणी' लिहिलं. हसू आलं, खोटं का बोलू. डोकं लावलंय पोरांनी. पण गुण मला कापावे लागले. बोली लिहा म्हणणं सोपं असतं. नोकरीच्या अर्जावर 'मले' लिहिणाऱ्या पोराला कोणी आत घेत नाही, त्याला दोन्ही यायला हवं.

आणि पोरं फोनवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, तेही त्यांनी शोधलेलं नाही, आपणच शोधलं. एसेमेसच्या काळात इंग्रजी अक्षरांत १६० खुणा मावायच्या, देवनागरीत जेमतेम ७०, त्यातही काना-मात्रा वेगळी मोजली जायची. मराठीत लिहिलं की एका निरोपाचे दोन-तीन निरोपांचे पैसे पडायचे. सवय तिथे लागली. पैशांचा प्रश्न कधीच मिटला, सवय राहिली.

माझी खरी काळजी लिहिण्याची नाहीच. पोरं दिवसभर काहीतरी लिहीतच असतात. बारा ओळींचा उतारा दिला की सातव्या ओळीला मान वर येते.

---

जुना_टपाली

व्हॉट्सअ‍ॅपवर पडतं त्याला लेखन म्हणायचं का? पूर्वी माणसं पत्रं लिहायची. विचार करून, सुवाच्य अक्षरात. आता जो उठतो तो लेखक.

---

सेटिंगवाला

बोली-बिलीतलं मला कळत नाही, उपाय सांगतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'टेक्स्ट करेक्शन' म्हणून आहे, तिथलं 'ऑटो करेक्शन' बंद करा. मग 'डिक्शनरी'मध्ये जाऊन आईंचे शब्द मराठीखाली भरा. मले, तुले, पऱ्हाटी, जे असतील ते. मग फोन ते शब्द सुचवायला लागेल. बोटाने लिहिताना चुकलंच तर वर दोन-तीन पर्याय दिसतात, त्यातला निवडायला शिकवा.

आणि आजच्या आज ग्रुप उघडून 'एक्स्पोर्ट चॅट' करा, 'विदाउट मीडिया'. साधी मजकुराची फाइल मिळते. फोन पाण्यात पडला की सगळं गेलं. आमच्या आजोबांचे आवाजी निरोप असेच गेले.

---

अकोटची_लेक

सगळ्यांचे आभार. सेटिंगवाले दादा, एक्स्पोर्ट केलं.

जुना टपाली काका, राग मानू नका, पण त्या पत्रांबद्दल एक सांगते. आमच्याकडेही आंतर्देशीय पत्रं यायची-जायची. ती बाबा लिहायचे. तीन भाग शेती, पाऊस, कोण आजारी. मग घडी घालून चिकटवायच्या पट्टीवर, उरलेल्या जागेत: 'सौ.चा सर्वांस नमस्कार.' तोही बाबांच्याच अक्षरात. आईची म्हणून घरात एकही ओळ नाही. मी शोधली.

नववी_ब ताई, तुमचं पटलं. मी स्वतः पुण्यात आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत 'मले'चं 'मला' केलं होतं, कोणी न सांगता. त्याचा फायदाही झाला.

आता कबुलीची वेळ. परवा आईचा फोन आला. तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी एक मजकूर टाकला होता. वर दोन बाणांची खूण, म्हणजे पुष्कळ हातांतून फिरून आलेला. खाली हात जोडलेली चित्रं आणि 'गेले ते दिवस, राहिल्या त्या आठवणी'. लेखक अज्ञात. आई म्हणाली, "वाचून पाय. हे त माहंच हाय."

वाचलं. 'आम्ही मुली नदीकाठच्या झऱ्यावर जायचो. एक हंडा भरेपर्यंत ऊन डोक्यावर यायचं.'

झऱ्यावर! आमच्या खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याचा झरा असता तर रडगाणं कशाला होतं? वाळूत खड्डा खणून, वाटीवाटीने पाणी गोळा करायचं हीच तर सगळी गोष्ट होती. वाटी गळाली होती. गुंडाचा हंडा झाला होता. गोठ्यात बसलेली पोरगी तर कुठच्या कुठे गेली होती, शेवट गोड करायला.

गोठा कोणी काढला आणि ते हात कोणी जोडले, मला ठाऊक नाही. पण 'झरा' आणि 'हंडा' माझे आहेत. कॉलेजच्या ग्रुपवर मी टाकलेलं काढून पाहिलं. वाटी तिथे होती, झरा मी केला होता. 'झिरा' कोणाला कळणार म्हणून. आणि खाली आईचं नाव नव्हतं, तेही मीच लिहिलं नव्हतं. 'माझ्या आईने लिहिलंय' एवढं म्हणायला मला काय झालं होतं, ते इथे सांगत बसत नाही. ओळखा.

आईला हे सांगितलं. नाव गेल्याचं तिला काही वाटलं नाही. म्हणाली, "नावाचं काय घिऊन बसली. पन झऱ्यावर वाटी कायले लागीन वं? लोक म्हनतीन, बुढी खोटं बोलते."

भावाला मी दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवून पाठवले. त्याने अंगठा दाखवला, म्हणजे वाचलं असावं. काल त्याच्याकडून आईच्या फोनवर शब्द भरून घेतले. आई बाजेवरून एकेक सांगत होती, तो भरत होता. मले, तुले, माह्यावाली, पऱ्हाटी, इहीर, झिरा, डवरनं, सांजलोक. त्रेचाळीस झाले, मग त्याला ऑफिसचा फोन आला.

आज दुपारी ग्रुपवर आलेलं, एका तुकड्यात:

"काल पोरान माह्या फोनात माहे शब्द भरले आता पराठा होत नाही नागपूरच्या भावान काळजी करू नये पऱ्हाटी चांगली हाय बोंड धरून राह्यली पाऊस थांबला पायजे उद्या म्हशीच बाकी हाय ते लिहितो आज लाईट जाऊन राह्यली"