‘पासिंग’ म्हणजे नेमकं काय, आणि ‘टाइप अप्रूव्हल’ला काय म्हणावं?

प्रश्न
सोलापुरातल्या ट्रक-टेम्पो चालकांसाठी वाहनांच्या सुरक्षेवर मराठी पत्रक करतोय. मूळ मजकुरात ‘टाइप अप्रूव्हल’ पावलोपावली येतं. मी सरळ ‘पासिंग’ लिहिणार होतो, इथं सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द आहे. मित्र नको म्हणतोय. चालेल ना?

एक ट्रकमालक
मालक, आधी कुठलं पासिंग ते सांगा. ‘एमएच १३ पासिंगची गाडी’ म्हणजे सोलापूर आरटीओला नोंदलेली. ‘नऊ टनाचं पासिंग’ म्हणजे कागदावर मंजूर असलेला माल (भरला किती जातो, तो विषय वेगळा). आणि ‘गाडी पासिंगला लावलीय’ म्हणजे फिटनेसची तपासणी. नवी मालवाहू गाडी असेल तर आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. तीन अर्थ आहेत, तरी आमच्यात कुणाची गल्लत होत नाही. चौथा घुसवलात तर होईल.

एक मेकॅनिकल इंजिनिअर
आणि हा चौथा त्या तिघांच्या जातीचाच नाही. तिन्ही पासिंगं एकेका गाडीची असतात, टाइप अप्रूव्हल असतं मॉडेलचं, ते विकायला काढण्याआधीची मंजुरी. उदाहरणार्थ, कारच्या समोरून टक्कर देण्याच्या चाचणीत गाडी ताशी ५६ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात, तीही पूर्ण नाही, नाकाचा एका बाजूचा ४० टक्के भाग. आतल्या पुतळ्याच्या डोक्याला, छातीला किती मार बसला ते मोजतात. पास झालेली ती गाडी जाते भंगारात! विकल्या जातात तिच्यासारख्या दुसऱ्या. आपल्या चादरीचं तसंच आहे की, जकार्ड मागावरचा नमुना एकदा मंजूर होतो आणि मग त्याच नमुन्याच्या चादरी निघत राहतात. म्हणून ‘नमुना मान्यता’ लिहा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ क्रमांकाचा नियम याचाच आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्था तपासून प्रमाणपत्र देतात. पुढं कारखान्यातून निघणारा माल नमुन्याबरहुकूम आहे का, हे अधूनमधून पाहतात, ती तपासणी वेगळी.

भारत एनकॅप, म्हणजे कारच्या सुरक्षेला तारे देणारी योजना, तिचे तारे यात मिसळू नका. ती चाचणी ताशी ६४ किलोमीटरची आणि ऐच्छिक आहे. ती मान्यता नव्हे, गुणांकन.

प्रश्नकर्ता
पटलं. पत्रकात वाहनांच्या नियमांबद्दलचे १९५८ आणि १९९८ असे दोन आंतरराष्ट्रीय करारही आहेत. दोन्हींना ‘मान्यता करार’ म्हणू?

इंजिनिअर
नको, सगळा फरक तिथंच आहे. दोन्हींचं काम जिनिव्हात, संयुक्त राष्ट्रांच्या एकाच मंचावर चालतं. १९५८ च्या करारात देश एकमेकांची मान्यता स्वीकारतात: जर्मनीने एखादा दिवा मंजूर केला की तो नियम लागू करणारे बाकीचे सदस्य पुन्हा तपासत नाहीत. अमेरिका त्यात नाही, कारण तिथं सरकार आधी मंजुरी देतच नाही. कंपनी स्वतःच ‘आमची गाडी नियमात बसते’ असं सांगते, सरकार नंतर बाजारातली गाडी उचलून तपासतं. अशा देशांनाही सामील होता यावं म्हणून १९९८ चा करार झाला. त्यात नियम सामाईक, मंजुरी ज्याची त्याची. भारत २००६ पासून या दुसऱ्या करारात आहे, पहिल्यात नाही. तेव्हा पहिला ‘परस्पर मान्यता करार’, दुसरा ‘सामाईक नियम करार’.

एक स्पेअर पार्टवाला
मग दिव्यावर, काचेच्या कोपऱ्यात गोलात ‘ई’ आणि आकडा असतो तो काय? गिऱ्हाईक म्हणतं, ई १ म्हणजे एक नंबर माल, ई ४ म्हणजे चौथ्या प्रतीचा.

इंजिनिअर
तो मंजुरी देणाऱ्या देशाचा क्रमांक. १ जर्मनी, २ फ्रान्स, ४ नेदरलँड्स. दर्जाशी त्याचा काडीचा संबंध नाही. आणि हेल्मेटवर नुसता ई असून आपल्याकडं भागत नाही. भारत त्या करारात नसल्यामुळं इथं आयएसआयच लागतो, १ जून २०२१ पासून सक्तीचा. बाहेरचं महागडं हेल्मेट डोकं वाचवेलही, पण कायद्यानं इथं ते विकता येत नाही.

एक भाषांतरकार
‘हार्मनायझेशन’ला ‘सुसंवादीकरण’ तेवढं करू नका. वाचून चालकाचा गाडीशी असलेला सुसंवादही संपेल. ‘नियम सारखे करणे’ पुरे.

प्रश्नकर्ता
इतकं साधं लिहिलं तर पत्रक छापणारेच म्हणतील, वजन नाही.

भाषांतरकार
वजनासाठी नऊ टनाचं पासिंग आहे की.

ट्रकमालक
एक राहिलं. ‘परावर्ती पट्टी’ असलं काही छापू नका, ‘रेडियम’च लिहा. त्यात रेडियम नसतं हे आम्हालाही ठाऊक आहे. पण पट्टी मागितली तर दुकानदार भलतंच काही काढून देतो, रेडियम म्हटलं की नेमकं तेच देतो. रंग मात्र मोठ्या अक्षरांत टाका: पुढं पांढरं, बाजूला पिवळं, मागं लाल. गाळप हंगामात पुणे-हैदराबाद रस्त्यावर रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर पुढं असतो, मागून पाचटाखेरीज काही दिसत नाही. पत्रक त्या ट्रॅक्टरवाल्यांनाही द्या, फक्त आम्हाला नको.