आईला जीपीओ दाखवायचंय, नुसतं बघायला आत जाता येतं का?

सायली_डोंबिवली

आईचं वय ७३, माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. माझे आजोबा गोदीत हमाली करायचे आणि दर महिन्याला 'मोठ्या पोस्टातून' घरी मनिऑर्डर पाठवायचे. मोठं पोस्ट म्हणजे मुंबईत सीएसएमटीजवळचं जीपीओ, जनरल पोस्ट ऑफिस. आईच्या ट्रंकेत त्यातलं एक कूपन, म्हणजे पैशांबरोबर येणारा निरोपाचा कागद, अजून आहे. तळहाताएवढं, घडीवर झिजलेलं. त्यावर कुणाच्या तरी वळणदार अक्षरात लिहिलंय, "रुपये मिळताच कळवणे. बैल विकू नये." आजोबांना लिहिता येत नव्हतं.

आई लग्न होऊन डोंबिवलीला आली त्याला पन्नास वर्षं होतील, पण ते पोस्ट तिने आतून कधी पाहिलेलं नाही. परवा अचानक म्हणाली, एकदा घेऊन चल. पास लागतो का? काही काम नसताना आत सोडतात का? तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार चालणं जमणार नाही. त्याच दिवशी जवळपास आणखी काही दाखवता येईल का?

फोर्टवाला_७७

पासबीस काही नाही. चालू पोस्ट ऑफिस आहे, कुणीही आत जातं. स्टेशनातून चालत पाच मिनिटं.

समोरची महापालिकेची इमारत आतून बघायची असेल तर २०२१ पासून शनिवार-रविवारी हेरिटेज वॉक सुरू केलाय, त्याचं आधी बुकिंग लागतं. निघण्याआधी एकदा खात्री करून घ्या. एशियाटिक लायब्ररीला मात्र नेऊ नका. दर्शनी तीस पायऱ्या आहेत, गुडघ्यांचं काही खरं नाही.

जुनी_खिडकी

सायलीताई, मी पोस्टात ३६ वर्षं काढली. त्यातली अकरा या जीपीओत, बराच काळ मनिऑर्डरच्या खिडकीवर. तुमचं कूपनचं वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आईंना रविवारी नेऊ नका. कामाच्या दिवशी साडेअकरा-बाराला न्या, डोंबिवलीहून येताना लोकलची गर्दीही ओसरलेली असते. ही इमारत माणसांनी भरलेलीच बघायला हवी. मधल्या गोल हॉलमध्ये उभं राहून वर पाहायचं. घुमटातून उजेड खाली येतो आणि खाली शिक्क्यांचा ठकठक आवाज चालू असतो. मी पहिल्या दिवशी कामावर रुजू झालो तेव्हा देवळात शिरल्यासारखं वाटलं होतं.

इमारतीचं काम १९०४ ला सुरू झालं आणि १९१३ ला संपलं. आराखडा जॉन बेगचा. त्याच्या हाताखाली जॉर्ज विटेट होता, पुढे गेटवेचा आराखडा केला तोच. घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलाय. आत जाण्याआधी आईंना बाहेरून तीन दगड दाखवा. काळा आपला बेसॉल्ट, पिवळा कुर्ल्याचा आणि पांढरा गुजरातेतल्या ध्रांगध्र्याचा. कुर्ल्यातून इमारतीचा दगड यायचा हे आता कुणाला सांगून खरं वाटत नाही.

आता त्या अक्षराबद्दल. समोर कबुतरखान्यापाशी ताडपत्रीखाली पत्रं लिहून देणारे बसायचे. मनिऑर्डरचे फॉर्म भरून द्यायचे, पार्सलं कापडात शिवून त्यावर लाख लावायचे. ते सुरेख अक्षर बहुधा त्यांच्यापैकीच कुणाचं तरी. गिरणीवाले आपापल्या भागातल्या, लालबाग-परळच्या पोस्टात जायचे. आमच्याकडे यायचे ते गोदीतले, मस्जिद बंदरचे, क्रॉफर्ड मार्केटचे हमाल, हॉटेलातली पोरं. पगार झाल्यावरचे दोन-तीन दिवस रांग हलत नसे. कूपनवर जागा जेमतेम दोन-तीन ओळींची. माणूस उभ्याउभ्या सांगायचा, मध्येच थांबायचा, आणि लिहिणारा हात वर धरून वाट बघायचा. तुमच्या आजोबांनी त्या दोन ओळींत बैल विकू नका म्हणून सांगितलं, यावरून घरी काय वेळ आली असेल ते कळतं.

आणखी एक, आईंना आठवतं का विचारा. मनिऑर्डरच्या फॉर्मचे भाग असायचे. कूपन पैशांबरोबर घरच्यांच्या हातात जायचं. पोचपावतीचा तुकडा, पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेऊन, पाठवणाऱ्याकडे परत यायचा. म्हणजे तुमच्या आजीचा अंगठा दर महिन्याला मुंबईला येत होता. त्या पावत्या पत्र्याच्या डबीत जपून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. एकाने मला खिडकीतून डबी उघडून दाखवली होती. वर्षांची चळत, प्रत्येकीवर तोच निळा अंगठा.

पत्ता चुकला की काय होतं तेही पाहिलंय. मस्जिद बंदरचा एक हमाल, बायको बाळंतपणाला टेकलेली. गाव नांदगाव. आपल्याकडे नांदगावं किती! फॉर्म भरून देणाऱ्याने तालुका भलताच लिहिला. पैसे महिनाभर फिरून परत आले. तो माणूस खिडकीशी येऊन काही बोलला नाही, नुसता ते पैसे मोजत राहिला. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला पिन विचारायला लागलो. माहीत नसेल तर पुस्तकातून काढून स्वतः लिहायचो, मागची रांग ओरडली तरी. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला तो अशाच एकसारख्या नावांच्या घोळातून सुटायला, आणि तो तयार केला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, संस्कृतात कविता आणि नाटकं लिहिणाऱ्या मराठी माणसाने. मला याचा फार अभिमान वाटतो. आईंना सांगा, त्या जिथे उभ्या असतील त्या इमारतीचा पिन ४०० ००१ आहे.

नुसतं बघून परत येऊ नका. पन्नास पैशांचं एक पोस्टकार्ड घ्या आणि आईंना तिथेच, त्यांच्या हाताने माहेरच्या पत्त्यावर दोन ओळी लिहायला लावा. पिन न विसरता. मग त्यांनाच ते पेटीत टाकू दे. फोटो काढायचा असेल तर आधी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. आणि ते कूपन घरीच ठेवा, प्रवासात गहाळ होईल. झेरॉक्स न्या.

मीनल_गिरगाव

काका, डोळ्यांत पाणी आलं. सायली, कार्डासाठी घरून बॉलपेन ने. आणि आईंना चष्मा घ्यायला सांग. माझ्या सासूबाई असाच चष्मा विसरल्या आणि शेवटी कार्ड मी लिहिलं, ती रुखरुख अजून आहे.

सायली_डोंबिवली

काका, तुमचं उत्तर आईला मोठ्याने वाचून दाखवलं. अंगठ्याचं आलं तिथे तिने मला थांबवलं. तिला आठवतंय. पोस्टमन ओटीवर बसायचा, पॅड उघडायचा, आजीचा अंगठा स्वतः धरून टेकवायचा. आजी उरलेली शाई ओटीच्या खांबाला पुसायची, कायम एकाच जागी. घर आता मामाच्या मुलांनी नवं बांधलंय, पण तो खांब काढून गोठ्याला लावलाय म्हणे. आई म्हणते कार्ड मामालाच लिहिणार, खांबावर डाग आहे का बघ म्हणून.

मंगळवारी जातोय. पिन शोधून फ्रिजवर लावून ठेवलाय.