मदत हवी आहे: एका मंद एपीआयपायी अख्खं पान अडतंय (स्वेल्टकिट २)

माडाखाली:
नमस्कार मंडळी. देवबागला आमच्या काकांचा होमस्टे आहे, त्याची वेबसाइट मी बघतो; ती स्वेल्टकिट या वेबसाइट बांधायच्या जावास्क्रिप्ट चौकटीत केली आहे. खोलीच्या पानाला चार गोष्टी लागतात: होमस्टेची माहिती, निवडलेल्या तारखांना खोली रिकामी आहे का व दर किती, जेवणाचा बेत, आणि त्या दिवसाची भरती-ओहोटी. शेवटची हौसेची वाटेल, पण त्सुनामी आयलंडला (इथल्या खाडीतल्या वाळूच्या बेटाला) जायचं म्हटलं की पाहुण्यांचा पहिला प्रश्न तोच.

पहिल्या तीन गोष्टी आमच्याच डेटाबेसमध्ये आहेत. भरती बाहेरच्या एपीआयकडून (दुसऱ्यांच्या सर्व्हरवरून माहिती देणाऱ्या सेवेकडून) येते आणि त्याला लहर आली की तो तीन-चार सेकंद घेतो. पानाच्या सर्व्हर लोडमध्ये (पानासाठी सर्व्हरवर माहिती गोळा करणाऱ्या फंक्शनमध्ये) आधी पेरेंटला अवेट, म्हणजे होमस्टेची माहिती आणणाऱ्या लेआउटच्या (पानांच्या सामाईक सांगाड्याच्या) लोडसाठी थांबणं, मग खोल्या, मग जेवण, मग भरती. तोवर लिंक दाबणाऱ्यासमोर जुनंच पान. कुडाळ स्टेशनवर एका काडीच्या रेंजमध्ये खोली शोधणारा माणूस पुन्हा पुन्हा दाबतो, शेवटी काकूला फोन लावतो. मग तव्यावरचं घावन करपतं ते वेगळंच.

खोल्या, जेवण, भरती या तिन्ही मागण्या प्रॉमिस-ऑलमध्ये घालून (एकदम सोडून सगळ्यांसाठी थांबून) बघितल्या. वेळ वाचला, पण सगळ्यात सावकाश आहे त्याच्यासाठी बाकीचे थांबतातच. वर भरती फेल झाली की खोली रिकामी असूनही पान एररचं! ब्राउझरमध्ये ऑनमाउंटला, म्हणजे पान उघडल्यावर, फेच केलं (माहिती मागवली) तर पान पटकन येतं, पण जावास्क्रिप्ट उतरून चालू होईपर्यंत भरतीची मागणीच निघत नाही आणि एपीआयची गुप्त की उघडी पडते.

भरतीचं प्रॉमिस (नंतर येणाऱ्या उत्तराची पावती) अवेट न करता तसंच परत दिलं तर चालेल का? आणि तारीख बदलली की लेआउटचा लोडही पुन्हा धावतो का?

रापण:
चालेल. आवृत्ती १ मध्ये सर्वांत वरच्या पातळीवरचं प्रॉमिस आपोआप अवेट व्हायचं, २ मध्ये होत नाही; सर्व्हर लोडमधून ते स्ट्रीम होतं, म्हणजे पान आधी जातं आणि उत्तर मागून. पण क्रम बदला. भरतीची मागणी सर्वांत आधी सोडा, नंतर खोल्या आणि जेवण प्रॉमिस-ऑलमध्ये अवेट करा, पेरेंट अगदी शेवटी. लेआउट आणि पानाचे लोड एरवी बरोबरीनेच धावतात. पेरेंटला आधी अवेट केलं की पानाचं सगळं काम त्याच्यामागे रांगेत लागतं.

भरतीसाठी स्वेल्टकिटचाच फेच थेट वापरत असाल तर ठीक. दुसरी लायब्ररी असेल तर प्रॉमिसला लगेच एक रिकामा कॅच (एरर झेलणारा भाग) जोडा, नाहीतर पान रेंडर व्हायच्या आत ते रिजेक्ट (फेल) झालं तर सर्व्हर कोसळू शकतो. टेम्प्लेटमध्ये (पानाच्या मांडणीत) अवेट ब्लॉक, म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबणारा भाग, त्याच्या कॅचमध्ये "भरतीची वेळ आत्ता मिळत नाही" एवढं पुरे. पुढे इंजिनएक्स (मधला वेब सर्व्हर) असेल तर त्याचं बफरिंग बंद करा, नाहीतर तो सगळं साठवून एकदमच पाठवेल.

लेआउटचा लोड तारीख वाचत नसेल तर तो पुन्हा धावणार नाही. पानाचा मात्र पूर्ण धावेल, जेवणासकट. बेत तारखेवर नसेल तर तो लेआउटमध्ये हलवा.

कर्लीकाठ:
अरे, भरती दर वेळेक कित्या इचारतास? ती काय खोलीसारखी अचानक बुक होते? तिचं गणित चंद्र-सूर्यावर चालतं, भारतीय सर्वेक्षण विभाग वर्षभराचे तक्ते आधीच छापतो. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणून ती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. रात्री आपोआप चालणाऱ्या जॉबने पुढच्या काही महिन्यांच्या वेळा आपल्याच टेबलात भरून ठेव, दिवसाला एक ओळ. एपीआय झोपला तरी पान अडणार नाही, आणि वर सांगितलेल्या स्ट्रीमिंगची गरजही उरणार नाही. खोल्यांची उपलब्धता मात्र कॅश करू (साठवून ठेवू) नकोस. एकच खोली दोन कुटुंबांना गेली तर मे महिन्यात दुसरीकडे जागा मिळायची नाही.

पानावर "वाऱ्याने पाणी वरखाली होऊ शकतं, होडीवाल्याला विचारा" अशी ओळ टाक.

माडाखाली:
दोघांचेही आभार. भरती टेबलात टाकतोच, आणि पेरेंट शेवटी नेतो. जेवणाचं मात्र लेआउटमध्ये जमणार नाही. मासळी काय मिळाली त्यावर काकू सकाळी बेत ठरवते. म्हणजे आजच्यापुरताच बेत असतो, पुढच्या तारखांना काहीच नाही. तिथे लोडमधून नल (रिकामं मूल्य) पाठवून टेम्प्लेटमध्ये तो भाग लपवावा, की पुढच्या तारखांना ती क्वेरीच (डेटाबेसकडे मागणीच) करू नये?