ग्रीन लेकची फेरी, रविवार ५ ऑक्टोबर: आजी-आजोबांसकट सगळ्यांनी यावं

प्रेषक: सहल समन्वयक

नमस्कार मंडळी,

काल दसरा झाला, सोमवारी कोजागरी आहे. मधला रविवार मोकळा आहे आणि पावसाने अजून ठाण मांडलेलं नाही. तेव्हा सिअॅटलच्या ग्रीन लेकला सगळ्यांनी मिळून एक फेरी मारू या. सकाळी १० वाजता पूर्वेच्या बीचजवळ, कम्युनिटी सेंटरच्या शेजारी मुलांचं खेळाचं मैदान आहे, तिथे जमायचं.

फेरी साधारण साडेचार किलोमीटरची आहे आणि कुठेही चढ नाही. बाबागाडी ढकलत आणि गप्पा मारत दोन तास धरा. तळं उजव्या हाताला ठेवून निघू, म्हणजे प्रदक्षिणाच होईल. आधी दक्षिणेचं टोक, मग पश्चिमेची बाजू. तिथे ऑरोरा अॅव्हेन्यू अगदी लागून जातो, त्यामुळे गाड्यांचा आवाज येतो. तो टापू मागे पडला की जुनं बाथहाउस लागतं. १९२० च्या दशकातली ही इमारत पोहणाऱ्यांना कपडे बदलायला बांधली होती, आता तिथे नाटकं होतात. पुढे उत्तरेला मुलांचा उथळ तलाव आहे, पण तो फक्त उन्हाळ्यात भरतात. मुलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिथे पोचल्यावर हिरमोड होणार नाही.

ऊन पडलं की दहाच्या आत पार्किंग भरतं. जमेल त्यांनी लाइट रेलने या. रूझवेल्ट स्टेशनवरून पश्चिमेकडे पंधरा-वीस मिनिटं चाललं की तळं येतं.

———

प्रेषक: सभासद, लिनवुड

ताई, आईला आणायची फार इच्छा आहे. ऑगस्टमध्ये ती पुण्याहून आली, तेव्हापासून खिडकीशी बसून असते. इथे एकटं बाहेर पडायचा तिला धीर होत नाही. पण मागच्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, साडेचार किलोमीटर झेपणार नाहीत. मधूनच परत फिरायला वाट आहे का?

———

प्रेषक: सहल समन्वयक

जरूर आणा. फक्त एक लक्षात ठेवा, तळ्याला मधून कापून येणारी वाट नाही. अर्धी फेरी झाली की पुढे जा नाहीतर मागे या, अंतर तेवढंच पडतं. म्हणून आईंना आमच्याबरोबर दक्षिणेला नेऊ नका. मैदानापासून उलट्या दिशेने, उत्तरेच्या उथळ तलावापर्यंत न्या आणि तिथूनच परत फिरा. अंतर थोडंच आहे आणि वाटेत टेकायला बाकं आहेत. त्यांच्यासोबत थांबायला मी दोघांना सांगून ठेवते, म्हणजे तुम्हाला मुलांबरोबर पूर्ण फेरी करता येईल.

तुम्हाला तर लिनवुडहून १ लाइनची गाडी थेट रूझवेल्टला आणते. पण स्टेशनपासूनचं चालणं आईंच्या गुडघ्याला जड जाईल. त्यांना कोणी गाडीने मैदानापाशी सोडलं तर बरं.

———

प्रेषक: मुलाच्या पत्त्यावरून, एक आजी

समन्वयक ताईंना नमस्कार.

मी कोल्हापूरची. रंकाळ्यावर पस्तीस वर्षं रोज सकाळी फिरायला गेले आहे. इथे येऊन दोन महिने झाले, पण तळ्याकाठी अजून कुणी नेलं नव्हतं. मी येणार. उरलेल्या पोळ्या कुस्करून डब्यात भरून ठेवल्या आहेत. बदकांना घालीन म्हणते. सकाळी पाखरांना काही घातल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही.

मुलगा सांगतो, त्या तळ्याचं पाणी हिरवं होतं म्हणून त्याला ग्रीन लेक म्हणतात. खरं का?

———

प्रेषक: सहल समन्वयक

आजी, नमस्कार. तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला.

मुलगा म्हणतो ते खरं आहे. १८५५ मध्ये जमीन मोजायला आलेल्या माणसाच्या डोळ्यांतही हा हिरवा रंग भरला होता. पाणी मुळात शेवाळी, आणि पुढे माणसांनी त्यात भर घातली. पूर्वी तळ्याचं पाणी रॅव्हेना नावाच्या ओढ्यातून वाहून जायचं. १९११ मध्ये काठाला बाग करायची म्हणून पाण्याची पातळी सात फुटांनी उतरवली आणि तो ओढा तुटला. आपण चालणार ती वाट बरीचशी तेव्हा उघड्या पडलेल्या जमिनीवरच आहे. पाण्याचं वाहणं खुंटलं आणि तळाच्या गाळात फॉस्फरस साठत गेला. उन्हाने पाणी तापलं की या फॉस्फरसवर पोसून शेवाळ माजतं, आणि त्यातलं निळं-हिरवं शेवाळ कधी कधी विषारी असतं.

यावर काय उपाय केला असेल? तुरटी! आपण गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटीचा खडा फिरवतो ना, तिच्याच जातीचं अॅल्युमिनियम सल्फेट इथे अख्ख्या तळ्यात सोडलं. १९९१, २००४ आणि २०१६ असं तीनदा. ते फॉस्फरसला धरतं आणि त्याला घेऊन तळाशी बसतं. २०१६ च्या वसंतात मी इथे रोज येत होते. तराफ्यासारखी बोट तळ्यावर उभ्या-आडव्या फेऱ्या मारायची आणि तिच्यामागे पांढुरका पट्टा उठायचा. त्यानंतर एका सकाळी धक्क्यावर ओणवून पाहिलं, तर तळाचे गोटे दिसत होते. एका गोट्यावरून गोगलगाय सरकत होती, तीही स्पष्ट दिसली. मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले होते.

म्हणूनच आजी, एक विनंती करते, रागावू नका. पोळ्या बदकांना घालू नका. बदकं आणि हंस खायला मिळतं म्हणून गर्दी करतात, त्यांची विष्ठा पाण्यात जाते आणि फॉस्फरस पुन्हा वाढतो. शिवाय उन्हाळ्यात इथे पोहणाऱ्या मुलांना अंगाला खाज सुटते. तो एक परजीवी असतो, पाणपक्षी आणि गोगलगायी यांच्यात आलटून पालटून वाढणारा. पक्षी जितके जास्त थांबतात, तितका तोही फोफावतो. नगरपालिकेचंही सांगणं हेच आहे. पाखरांना दोन घास घालणं हा आपला संस्कार आहे, मी स्वतः आईचं बघून तेच शिकले. पण या तळ्याला ते सोसत नाही.

त्याऐवजी मी तुम्हाला एक पाखरू दाखवीन. आपण ज्याला चांदवा किंवा वारकरी म्हणतो, त्याचा इथला भाऊबंद आहे. अंग काळं आणि चोच पांढरी. शरद ऋतूत ते थव्याने उतरतात आणि मान पुढेमागे करत पाणी कापत जातात. रंकाळ्यावर तुम्ही त्यांना पाहिलं असेलच.

———

प्रेषक: सभासद, बॉथेल

आमची दोन मुलं आणि कुत्रा घेऊन येतोय. शेवाळाचं वाचून जरा काळजी वाटली. कुत्र्याला आणू का?

———

प्रेषक: सहल समन्वयक

आणा, पण पट्टा आखूड धरा आणि पाण्यात जाऊ देऊ नका. शेवाळ माजलं की काठावर सूचना लावतात. मी शनिवारी संध्याकाळी जाऊन पाहते आणि इथेच कळवते. सूचना नसली तरी काठाशी हिरव्या रंगाचा तवंग दिसला तर कुत्र्याला दूर ठेवा. ते पाणी चाटूनही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. मुलांचेही हात खाण्याआधी धुऊन घ्या. प्यायचं पाणी घरून आणा.

———

प्रेषक: मुलाच्या पत्त्यावरून, तीच आजी

ताई, पोळ्यांचा संध्याकाळी फोडणी देऊन कुस्करा केला. नातवाने दोनदा मागून घेतला.

वारकरी म्हटल्याबरोबर मी ओळखला. रंकाळ्यावर थंडीत यायचे, मी त्यांना पाण्यातली दिंडी म्हणायची. गुडघ्यावाल्या बाई पुण्याच्या आहेत ना? त्यांना एकटं वाटू देऊ नका. मीसुद्धा त्यांच्याबरोबर उत्तरेकडेच जाईन, उथळ तलावापाशी बसू. मसाला दूध थर्मासात आणते, कोजागरीच्या आदल्या दिवशी का होईना. वेलदोडे चालतात का, तेवढं त्यांच्या मुलीला विचारून सांगा.